निबंधमालेचे मास्तर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा निरोप आला तेव्हा मी हो म्हणून बसले आणि मग आठ दिवस काही सुचेना. सहलीवर आधीच तिघेजण लिहीत होते, गॅदरिंगवर दोघी. शेवटी म्हटले, मी निबंधावर लिहिते. ग्रुपवर सगळे हसले. हसणारच. आपल्या १९९७ च्या बॅचला निबंध म्हटले की गाईडच आठवते. पावसाळ्यावरचा निबंध निम्म्या वर्गाने एकाच गाईडातून पाठ केला होता. कयाधूच्या पुराखेरीज मोठे पाणी न पाहिलेल्या हदगावच्या पोरापोरींनी सहामाहीच्या पेपरात समुद्राच्या फेसाळ लाटांचे वर्णन केले होते. पेपर वाटताना मराठीच्या बाई रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, की हा समुद्र कुणाच्या घरामागे आहे, त्याने हात वर करावा.

त्याच बाईंनी एका ऑफ तासाला आपल्याला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची गोष्ट सांगितली होती. कुणाला आठवते का माहीत नाही. मलाही त्यातले 'एका वाक्यात उत्तरे लिहा'पुरतेच आठवत होते, की मराठी निबंधाचे जनक वगैरे. मग दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या शाळेतून एक छापील कागद आला. पटवून देणारे पत्र कसे लिहावे, याचा. माझे मत असे आहे की, पुढे रेघ. पहिले कारण, रेघ. दुसरे कारण, रेघ. काहीजण म्हणतील की, रेघ, परंतु, पुन्हा रेघ. लेकीने पाच मिनिटांत रेघा भरल्या आणि विचारले, आई, हे मी लिहिले की कागदाने? मला काही उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी विष्णुशास्त्र्यांविषयी मिळेल ते वाचत सुटले. मराठीत पटवून देणारे गद्य ज्या माणसाने उभे केले, तो स्वतः ते कुठून शिकला, एवढेच बघायचे होते.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म पुण्यात २० मे १८५० रोजी झाला. वडील कृष्णशास्त्री हे त्या काळच्या पुण्यातले मोठे विद्वान. संस्कृत शास्त्रांत तयार झालेले, नंतर इंग्रजी शिकलेले आणि सरकारच्या शिक्षण खात्यात चढत गेलेले. शिक्षक तयार करणाऱ्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख होते. त्यांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले, मेघदूत मराठीत उतरवले, आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी पुस्तके होती त्यांनी पाहिलेल्या अरबी भाषेतल्या सुरस गोष्टींचे भाषांतरही त्यांनीच सुरू केले. म्हणजे या घरात पुस्तक वाचायचे आणि मग ते मराठीत करून पाहायचे, हा रोजचा उद्योग होता. आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला पाळी कशी घालायची ते कुणी बसवून शिकवत नाही. विष्णूचे तसेच झाले असावे.

कृष्णशास्त्र्यांकडे 'शालापत्रक' नावाचे मासिक होते. शिक्षण खात्याचे, शाळामास्तरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी निघणारे. १८६८ पासून, म्हणजे अठराव्या वर्षापासून, विष्णुशास्त्री त्याचे काम बघू लागले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू, दंडी या पाच संस्कृत कवींवरचे त्यांचे लेख याच पत्रकात आले. ते पुढे 'संस्कृत कविपंचक' म्हणून पुस्तकरूपाने निघाले. मला यात गंमत वाटते ती अशी, की मराठीतल्या सर्वांत तिखट निबंधकाराची उमेदवारी एका सरकारी शालेय मासिकात झाली. तिथे विषय ठरलेले, वाचक ठरलेला, पाने ठरलेली. वाचक कोण, तर गावोगावचा मास्तर. त्याला कळले पाहिजे आणि त्याला कंटाळा येता कामा नये. एवढ्या चौकटीत सात वर्षे लिहिले की हात बसतो.

दुसरी शाळा म्हणजे भाषांतर. डॉ. जॉन्सनच्या 'रासेलस' या कथेचे भाषांतर कृष्णशास्त्र्यांनी हाती घेतले होते, ते मुलाने पुरे केले आणि १८७३ साली ते प्रसिद्ध झाले. जॉन्सनचे इंग्रजी वाक्य जड असते, दोन्ही पारडी सारखी तोललेली. ते मराठीत करायचे म्हणजे आधी ते वाक्य पूर्ण खोलावे लागते आणि मग मराठीच्या सांध्यांवर पुन्हा जोडावे लागते. आमच्या धंद्यात नवा इंजिनिअर आला की त्याला कोरे पान देत नाहीत. कुणीतरी लिहिलेला जुना प्रोग्राम देतात आणि सांगतात, हा दुसऱ्या भाषेत कर. महिनाभर तो शिव्या देतो. महिन्यानंतर त्याला कळते की मूळ लिहिणाऱ्याने अमुक ओळ तिथेच का ठेवली होती. विष्णुशास्त्र्यांनी ज्या जॉन्सनला मराठीत आणले, त्याचेच मोठे चरित्र त्यांनी पुढे निबंधमालेत लिहिले. इतके दिवस दुसऱ्याच्या वाक्यात राहिल्यावर त्या माणसाची ओळख होणारच.

इथे थोडे आडवळण घेते. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन पोरवयात छापखान्यात काम करायचा. त्याच्या हाती 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकाचे एक पुस्तक लागले. ॲडिसन आणि स्टील यांचे निबंध त्यात होते. त्याने काय केले, तर एकेक निबंध वाचून प्रत्येक वाक्याच्या आशयाची दोन शब्दांची टिपणे काढली, पुस्तक मिटून ठेवले, काही दिवस जाऊ दिले आणि मग नुसत्या टिपणांवरून तो निबंध आपल्या शब्दांत पुन्हा लिहिला. मूळ काढून ताडून पाहिले. कुठे चुकलो, कुठे शब्द कमी पडला, ते दुरुस्त केले. कधी टिपणे मुद्दाम विस्कटून ठेवायची आणि नीट क्रमाने लावायची. हे त्याने आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे. गाईडातून आपणही निबंध घेत होतो, फ्रँकलिनही घेतच होता. फरक मधल्या त्या काही दिवसांचा. आपण पुस्तक मिटलेच नाही.

विष्णुशास्त्री १८७२ साली बी. ए. झाले. कॉलेजात ज्या लेखकाने त्यांना घेरले तो मेकॉले. होय, तोच, १८३५ साली हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षण आणावे म्हणून टिपण लिहिणारा आणि त्या टिपणात इथल्या साऱ्या ग्रंथांची किंमत युरोपातल्या ग्रंथालयाच्या एका फळीएवढीही नाही असे सांगणारा. त्याचे निबंध तेव्हाच्या कॉलेजातली पोरे तोंडपाठ करायची. मेकॉलेची एक ठरीव पद्धत आहे. तो आधी सगळे जग काय मानते ते सांगतो, मग ते चूक आहे असे एका दमात म्हणतो. मग उदाहरणांची रांग लावतो, एकाच घाटाची तीन-चार वाक्ये ओळीने ठेवतो, दोन टोकाच्या गोष्टी शेजारी शेजारी बसवतो आणि वाचकाला श्वास घ्यायला उसंत देत नाही. म्हटले तर हाही एक छापील कागदच, माझ्या लेकीच्या शाळेतून आलेल्यासारखा.

विष्णुशास्त्र्यांनी हा साचा जसाच्या तसा उचलला आणि त्यात मेकॉलेला कधी मान्य झाला नसता असा मजकूर भरला. इंग्रजी राज्याने आपले काय केले, इंग्रजी शिकलेल्यांनी आपली भाषा कशी टाकली, आपला इतिहास परक्यांनी कसा वाकडा लिहिला. मेकॉलेची तलवार मेकॉलेच्याच वारसांवर. संस्कृतचे संस्कार होतेच, त्यामुळे वाक्य मेकॉलेपेक्षा लांब झाले, उपरोध जास्त झणझणीत झाला. तरी आत हाडे त्याचीच आहेत हे मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे सगळे सांगतात, आणि शास्त्रीबुवांनीही या इंग्रज ग्रंथकारांविषयीचे आपले प्रेम लपवले नाही.

कॉलेज संपल्यावर ते मास्तर झाले. आधी खासगी शाळेत, मग पुण्याच्या सरकारी हायस्कुलात. आणि जानेवारी १८७४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक काढले. मासिक म्हणजे आज डोळ्यांपुढे येते तसे नाही. संपादक तेच, लेखक तेच, आणि जवळजवळ सगळा मजकूर त्यांचा एकट्याचा. दिवसा वर्ग घ्यायचे, बाकी वेळात माला. पहिल्याच अंकात मराठी भाषेच्या त्या वेळच्या स्थितीवर निबंध घातला. पुढे सात वर्षांत ८४ अंक निघाले. विषय किती तऱ्हेचे पाहा: लेखनशुद्धी, वक्तृत्व, इतिहास, गर्व, लोकभ्रम, विद्वत्त्व आणि कवित्व, इंग्रजी भाषा, मोरोपंतांची कविता. मराठीत कुठलाही विषय पेलता येतो, गंभीर विचार करायला इंग्रजीच लागते असे नाही, हे त्यांना नुसते सांगायचे नव्हते, लिहून दाखवायचे होते. स्वतःला ते मराठी भाषेचा शिवाजी समजत. हे वाचून मला आधी हसू आले. मग आठवले की तेव्हा पुण्यातला इंग्रजी शिकलेला माणूस घरच्या पत्रातसुद्धा मराठीची लाज बाळगत होता. अशा वेळी एखाद्याने थोडी जास्त छाती फुगवली तर चालायचे.

आपल्या भागाचे तेव्हा काय चालले होते, तेही सांगायला हवे. नांदेड, हदगाव हे सगळे निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. पुण्यात मराठी निबंधाच्या नावाने एवढा गदारोळ चालला असताना आपल्याकडच्या माणसाला अर्ज करायचा तर मुनशी गाठावा लागे. माझे आजोबा उर्दूत शिकलेले. त्यांना अर्जीचा ठरलेला मायना शेवटपर्यंत पाठ होता, तो म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा, जणू समोर तहसीलदार बसलाय. आणि मराठीतला मायना तरी काय? ती. बाबांस शि. सा. न. वि. वि. असे आपण पाचवीत घोकलेच. शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. शेकडो वर्षे चालत आलेला साचा. पत्रांचे मायने आणि लिहिण्याच्या रीती बांधून देण्याचे श्रेय परंपरा देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंताला देते, म्हणजे साच्याच्या बाबतीत मराठवाडा पुण्याच्या सहाशे वर्षे पुढे होता असे म्हणायला हरकत नाही!

आता शास्त्रीबुवांची जी बाजू बाईंनी त्या तासाला सांगितली नव्हती, ती.

निबंधमालेत त्यांनी दुसऱ्यांच्या लिखाणावर झोड उठवली. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर'मध्ये आली होती. पत्राच्या साच्यात लिहिलेली, छोट्या, रोखठोक वाक्यांची. त्यांत आपल्याच समाजाचे, विशेषतः ब्राह्मणांचे, दोष काढलेले होते. शास्त्रीबुवांनी त्यांची रेवडी उडवली. जोतीराव फुल्यांवर तर त्यांनी लेखणी अशी चालवली की वाचताना आज कसेसेच होते. फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ साली आलेली. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेली. शूद्रातिशूद्रांना शिकू का दिले नाही, त्यांना राबवून कोण मोठे झाले, हे तिचे प्रश्न. शास्त्रीबुवांनी काय केले, तर फुल्यांचे व्याकरण काढले, शब्द काढले, ज्ञान काढले. थट्टेची वाक्ये एकाहून एक सरस. मेकॉलेचा साचा इथे सगळ्यांत जोरात चालतो. प्रश्नाचे उत्तर मात्र शोधून सापडत नाही.

मी हे दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी मला आपला वर्ग दिसला.

दहावीच्या सराव परीक्षेत पत्र होते. आपल्या गावाला शाळेच्या वेळेवर एस.टी. सुरू करावी म्हणून आगार व्यवस्थापकांना विनंती अर्ज लिहा. मी हदगावातच राहणारी, घरापासून शाळा दहा मिनिटांवर. मला एस.टी.ची गरज कधी पडली नव्हती. मी गाईडातला अर्ज लिहिला. मा. महोदय, वरील विषयास अनुसरून, विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, आपली विश्वासू. दहापैकी नऊ. आपल्यातला एकजण कयाधूपलीकडच्या गावाहून पायी यायचा. नाव लिहीत नाही, तो वाचेल तेव्हा त्याला कळेलच. त्याने मायना घातला नव्हता, विषय लिहिला नव्हता. बोलतो तसे लिहिले होते. आमच्या गावचे अकरा लेकरं शाळेला येतेत, त्यातल्या चार पोरी. सकाळची गाडी फाट्यावरून जाते ती आम्ही पोहोचायच्या आधी, ती अर्ध्या तासाने सुटली तर सगळे बसतील. नदीला पाणी आलं की पोरी घरीच राहतेत आणि मग दिवाळीनंतर त्यायचं नाव कमी होतं. साहेब, गाडी नवी नको, टाइम बदला. त्याला चार मार्क पडले. मधल्या सुट्टीत तो पेपर हातोहात फिरला आणि 'येतेत, राहतेत' म्हणून आपण सगळे खो खो हसलो. मीही. मी तर जरा जास्तच, कारण शुद्धलेखनात माझा पहिला नंबर होता.

आगार व्यवस्थापकाच्या खुर्चीत मी आज बसले असते तर माझा अर्ज वाचून मी काय केले असते? काहीच नाही. त्यात काही नव्हतेच. त्याचा अर्ज वाचून वेळापत्रक तरी काढून पाहिले असते. आज ऑफिसात मी पन्नास प्रस्ताव वाचते, सगळे एकाच टेम्प्लेटमधले, आणि जो माणूस सांगतो की गाडी नवी नको, टाइम बदला, त्याच्याजवळ थांबते.

याचा अर्थ मायना नको असा मी काढत नाही. त्याला मायना शिकवला असता तर त्याचे चारचे आठ झाले असते आणि खरा अर्ज केला असता तर तो कचेरीच्या दारात अडला नसता. मला मायना येत होता पण सांगायला काही नव्हते, ते मात्र कुणी शिकवून भरून निघाले नसते. शास्त्रीबुवांकडे तर दोन्ही होते. सांगायला भरपूर होते, साचाही घोटून बसलेला. म्हणूनच फुल्यांच्या बाबतीत त्यांनी जे केले त्याचा जास्त राग येतो. त्यांना नीट उत्तर देता आले असते. निदान प्रश्न मान्य करता आला असता. ते हसले.

असो. चरित्राकडे वळते.

'शालापत्रक' १८७५ साली बंद पडले. त्यातले लिखाण मिशनऱ्यांना आणि सरकारला रुचणारे राहिले नव्हते. मग शास्त्रीबुवांची बदली रत्नागिरीला झाली. पुणे सुटले, छापखाना लांब गेला, मालेचे अंक रखडू लागले. १८७८ साली कृष्णशास्त्री वारले. त्याच सुमारास विष्णुशास्त्र्यांनी मित्रांबरोबर दोन कामे काढली. एक 'काव्येतिहाससंग्रह', जुन्या कविता आणि बखरी छापणारे मासिक. दुसरे 'चित्रशाळा', जिथे देवादिकांची आणि मराठी इतिहासातल्या पुरुषांची चित्रे छापली जात. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्याही भिंतीपर्यंत आपले म्हणणे गेले पाहिजे, याची त्यांना जाण होती. फुल्यांना हसणाऱ्या माणसाला ही जाण असावी, याचे मला राहून राहून नवल वाटते.

१८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. वडील गेलेले, घर चालवायचे, आणि हातात एक तोट्यात चालणारे मासिक. आपल्या बॅचमधल्या ज्यांनी कंपनी सोडून गावाकडे काहीतरी सुरू केले त्यांना विचारा, पहिल्या तारखेला खात्यात काही जमा होत नाही तेव्हा कसे वाटते. जानेवारी १८८० मध्ये त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. बरोबर बाळ गंगाधर टिळक, माधवराव नामजोशी, पाठोपाठ वामन शिवराम आपटे, आणि एम. ए. होऊन गोपाळ गणेश आगरकर. सगळे विशी-तिशीतले. नाव बघा, न्यू इंग्लिश स्कूल. मराठीचा एवढा अभिमानी माणूस शाळा काढतो ती इंग्रजी. त्याला त्यात विरोध दिसत नव्हता. ज्या भाषेने तो लढायला शिकला ती भाषा पोरांना यायलाच हवी, फक्त शिकवणारे आपले हवेत.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, याच मंडळींनी दोन वर्तमानपत्रे सुरू केली. इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी'. छापायला आर्यभूषण छापखाना होताच. निबंधमाला तोवर संपत आली होती. शेवटचा मोठा निबंध 'आमच्या देशाची स्थिती'. सात वर्षे घोटलेला साचा त्यात पूर्ण ताकदीने चालतो आणि समोर या वेळी त्यांच्याहून दुबळा कुणी नाही, साक्षात राज्यकर्ते आहेत. तो निबंध पुढे इंग्रज सरकारने जप्त केला आणि त्यावरची बंदी १९३७ मध्ये उठली. लिहिणारा जाऊन पन्नासावर वर्षे झाली होती.

१७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वारले. बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शाळेला दोन वर्षे झालेली, केसरीला एक. कोल्हापूरच्या प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला चालू होता. त्यांची डोंगरीच्या तुरुंगातली १०१ दिवसांची शिक्षा शास्त्रीबुवांना पाहावी लागली नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली १८८४ मध्ये, फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये. आपल्या नांदेडहून पोरे आजही ज्या कॉलेजात प्रवेशासाठी धडपडतात, त्याचा पाया घालणाऱ्याला त्याची इमारत ठाऊक नाही.

त्याच १८८२ साली ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. ते इंग्रजीत, सरकारी निवेदनाच्या ठरलेल्या साच्यात. शेतकऱ्याच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो, हे त्यांनी विचारले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. ज्यांच्या व्याकरणाला मालेत एवढे हसले गेले, त्यांनी साचाही वापरून दाखवला आणि त्यात आपले म्हणणेही ठेवले. ते वाचायला शास्त्रीबुवा नव्हते. असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी बरेचदा करते.

आणि आगरकर. ते शास्त्रीबुवांच्याच शाळेतले, त्यांच्याच गद्यावर वाढलेले. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि त्याच धारदार मराठीत बालविवाह, केशवपन, जुन्या रूढी यांवर तुटून पडले. शास्त्रीबुवांना जे टिकवायचे होते त्यातले बरेचसे मोडायला निघाले, तेही शास्त्रीबुवांच्याच हत्यारांनी. त्याच साली त्यांनी वाक्यांच्या पृथक्करणावर 'वाक्यमीमांसा' हे पुस्तकही लिहिले. म्हणजे वाक्य आतून कसे असते तेही पोरांना दाखवायचे होते. आपण नववीत 'मुख्य वाक्य ओळखा' म्हणून जे केले, त्याचा हा आजोबा.

मेकॉलेकडून शास्त्रीबुवांकडे, शास्त्रीबुवांकडून टिळक-आगरकरांकडे, शिवराम महादेव परांजप्यांच्या 'काळ'कडे. प्रत्येकाने आधीच्याचा साचा घेतला आणि आधीच्याच्या मनात नव्हते ते त्यात भरले. ज्यांना भरायला काही नव्हते, त्यांनी नुसते शास्त्रीबुवांसारखे लांब वाक्य लिहिले. अशीही पुष्कळ पाने त्या काळी छापली गेली. ती आता कुणी उघडत नाही.

लेकीच्या कागदाचे काय केले ते सांगते. फ्रँकलिनची युक्ती. भरलेला कागद कपाटात ठेवला, तिला फक्त चार शब्दांची टिपणे ठेवू दिली आणि पाचव्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा लिहायला लावले. ती चिडली. मग तिने मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडे ठेवावे म्हणून लिहिले, त्यात ग्रंथालयाच्या दाराला किती वाजता कुलूप लागते आणि त्या वेळी ग्रंथपाल मॅडम कुठे जेवायला बसतात, हेही लिहिले. मॅडमना तेवढे आवडले नाही. ग्रंथालय आठवड्यातून दोन दिवस उघडे राहू लागले.

आणि पुनर्भेटीला मी येणार नव्हते. सुट्टी नव्हती, पुण्याहून नांदेड आणि तिथून पुढे हदगाव, शिवाय सत्तावीस वर्षांत कुणाशी बोलणे नाही. समितीचे छापील आमंत्रण आले, सप्रेम नमस्कार वि. वि., आपली उपस्थिती प्रार्थनीय वगैरे. मी अंगठा दाखवून सोडून दिले. मग दोन दिवसांनी ग्रुपवर त्याचा मेसेज आला, कयाधूपलीकडच्याचा. पुण्याहून येणारे सात जण हायेत, एकाच गाडीत बसतेत. नांदेडला सकाळी साडेसहाला उतरा, तिथून गाडी मी घेऊन येतो. बाईंचे गुडघे दुखतेत, त्यायला जिना चढता येत नाही म्हणून खालच्या वर्गात ठेवलंय. आपल्यातले तिघे आता नाहीत, त्यांच्या घरचे येणार आहेत. तुम्ही फक्त यायचं.

मी त्याच रात्री तिकीट काढले.